निळा शर्ट घातलेला शिकाऊ सीईओ

सप्टेंबर २०१२. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट क्लाउड नावाचं एक लहानसं शहर आहे. तिथल्या बेस्ट बायच्या दुकानात एक नवा माणूस कामावर आला. अंगात निळा शर्ट आणि छातीवर बिल्ला, 'शिकाऊ सीईओ'. हा ह्युबर्ट जोली. फ्रेंच, मॅकिन्सीत तयार झालेला, आधी कार्लसन ही हॉटेल आणि प्रवास व्यवसायातली कंपनी चालवणारा. दुकानदारीचा अनुभव शून्य! पहिला आठवडा त्याने मुख्य कार्यालयात न घालवता इथे घालवला.

अमेरिकेत राहिलेल्या आपल्या मंडळींना बेस्ट बाय वेगळं सांगायला नको. ब्लॅक फ्रायडेच्या थंडीत लॅपटॉपसाठी तिथल्या रांगेत उभं राहिलेला एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. पण २०१२ मध्ये ही कंपनी संपल्यातच जमा होती. सर्किट सिटी हा तिचा मोठा प्रतिस्पर्धी २००९ मध्येच बुडाला होता आणि आता हिची पाळी, असं वॉल स्ट्रीट उघड म्हणत होतं. एप्रिलमध्ये सीईओ ब्रायन डनने वैयक्तिक वागणुकीच्या चौकशीत राजीनामा दिला. त्याच प्रकरणात संस्थापक रिचर्ड शुल्झला अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि मग तोच अख्खी कंपनी विकत घ्यायच्या मागे लागला. घरात भांडण, दारात सावकार आणि रस्त्यापलीकडे अ‍ॅमेझॉन!

सगळ्यात जास्त दुखत होतं ते 'शोरूमिंग'. गिऱ्हाईक दुकानात यायचं, टीव्ही बघायचं, निळ्या शर्टवाल्याला तासभर पिडायचं आणि त्याच्याच समोर मोबाइल काढून अ‍ॅमेझॉनवर ऑर्डर द्यायचं. इथे थोडा मागचा इतिहास. शुल्झने १९८९ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन बंद करून त्यांना पगारावर ठेवलं होतं. माल गळ्यात मारू नका, नीट समजावून सांगा, ही त्या दुकानाची रीत. आता तीच रीत फुकटची शिकवणी झाली होती. विचार करा, रोज आठ तास उभं राहून दुसऱ्याचा धंदा वाढवायचा... माणसाचं मन त्या कामात कसं राहणार?

सेंट क्लाउडमध्ये जोलीला जे कळलं ते कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं. सीडी-डीव्हीडी कोणी घेत नाही तरी त्यांना भरपूर जागा आणि मोबाइल मात्र कोपऱ्यात. कर्मचाऱ्यांची खरेदीवरची सवलत कमी केल्याचा राग सगळ्यांच्या मनात होता. आणि आपल्या जातभाईंसाठी खास किस्सा: कंपनीच्या वेबसाइटवर 'सिंड्रेला' शोधलं की निकॉनचे कॅमेरे यायचे :) हे दुकानातल्या पोराला माहीत होतं, कार्यालयातल्या कोणाला नव्हतं. किंवा असेलही, पण तिथे ते सांगून उपयोग नव्हता. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

पुढे जे झालं त्यात चमकदार असं काही नाही. सवलत परत दिली. नोव्हेंबरमध्ये 'रिन्यू ब्लू' नावाची योजना जाहीर केली. आणि मार्च २०१३ पासून ऑनलाइन किमतीशी बरोबरी हे कायमचं धोरण केलं. अ‍ॅमेझॉनवर स्वस्त आहे? ठीक, त्याच भावात इथे घ्या. विश्लेषकांनी डोक्याला हात लावला, नफा कुठून येणार म्हणून. पण माझ्या मते कंपनीचा स्वभाव बदलला तो इथे, कुठल्याही घोषणेने नाही. निळ्या शर्टवाल्याकडे आता गिऱ्हाइकाला द्यायला उत्तर होतं. त्याचं ज्ञान पुन्हा त्याच्याच दुकानाच्या कामी यायला लागलं.

नफ्याची सोय दुसरीकडून झाली. सॅमसंग आणि मायक्रोसॉफ्टने बेस्ट बायच्या दुकानांतच आपापले कोपरे थाटले. आणि ऑनलाइन ऑर्डर गोदामाऐवजी जवळच्या दुकानातून पाठवायला सुरुवात झाली. अमेरिकेतली साधारण ७० टक्के लोकसंख्या तेव्हा बेस्ट बायपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहत होती. म्हणजे ज्या दुकानांना सगळे गळ्यातलं लोढणं म्हणत होते, ती खरं तर तयार गोदामं होती.

ह्याच काळात टेक्सासात नेमका उलटा प्रयोग चालू होता. जेसी पेनी ह्या जुन्या कंपनीत नोव्हेंबर २०११ मध्ये रॉन जॉन्सन आला, अ‍ॅपल स्टोअर उभारणारा माणूस. तो कॅलिफोर्नियातून विमानाने ये-जा करायचा. त्याने कूपनं आणि सेल एका फटक्यात बंद केले. आधी थोड्या दुकानांत करून बघू, हा सल्ला त्याने ऐकला नाही. थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय! २०१२ च्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याची गच्छंती झाली. हुशारीत तो जोलीपेक्षा कमी होता असं मुळीच नाही. कूपन कापून ठेवणारं गिऱ्हाईक आणि ते गिऱ्हाईक ओळखणारी काउंटरवरची बाई, दोघंही त्याला बदलायच्या गोष्टी वाटल्या, एवढंच.

पण जोलीची आरती ओवाळायची तर एक गोष्ट आड येते, आणि ती आपल्या मर्मावरच बोट ठेवते. बेस्ट बायच्या मुख्य कार्यालयात 'रो' नावाची प्रसिद्ध पद्धत होती. कुठूनही, कधीही काम करा, निकाल दाखवा. ती तिथेच जन्माला आली होती. २०१३ च्या सुरुवातीला जोलीने ती बंद केली, याहूने घरून काम बंद केलं त्याच सुमाराला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक वेळी काम सोपवून मोकळं होता येत नाही. ज्याला भिंत बांधता येत नाही त्याला आधी शिकवावं लागतं. मुद्दा खोटा नाही. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला 'रो'चा तसाही काही उपयोग नव्हता, आणि कंपनी बुडताना वरचे लोक घरी बसलेत हे त्याच्या डोळ्यांना खुपतच असणार. तरी ज्यांनी त्या सोयीवर संसार बसवला होता त्यांचं काय झालं असेल, असं वाटून जातं. फेब्रुवारीत मुख्य कार्यालयातल्या ४०० जणांच्या नोकऱ्याही गेल्या. माणसं कमी करणं हा शेवटचा उपाय, असं जोली नेहमी सांगतो. शेवटचा म्हणजे कधीच नाही, असं नव्हे.

२०१२ संपताना ११-१२ डॉलरवर असलेला शेअर जून २०१९ मध्ये, जोलीने कोरी बॅरीकडे सूत्रं दिली तेव्हा, साठीच्या पुढे होता. मग कोविड आला, लोक घरून ऑनलाइन खरेदी करायला लागले आणि विक्री उलट वाढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सुमारे ५,००० जणांना कमी केल्याचं सांगितलं. त्यातले बहुतेक पूर्णवेळ कर्मचारी होते, आणि त्याच वेळी अर्धवेळच्या नव्या जागाही काढल्या होत्या.