ग्वाकामोले

ग्वाकामोले : पिकलेल्या अ‍ॅव्होकाडोचा गर मीठ, हिरवी मिरची, कांदा आणि कोथिंबीर यांच्या वाटणात ठेचून केलेले, न शिजवता खायचे मेक्सिकन तोंडीलावणे. त्याचे नाव नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आले आहे आणि पदार्थही स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोहोचण्याच्या आधीपासूनचा आहे. तळलेल्या मक्याच्या तुकड्यांबरोबर म्हणजे तोतोपोसबरोबर, ताकोवर घालून किंवा भाजलेल्या मांसाशेजारी वाढून ते खातात. साहित्य मोजके, चूल पेटवायची नाही, वेळ फार तर 15 मिनिटांचा. त्यामुळे ही कृती कोणालाही जमेल असे मानले जाते. बेत फसला की दोष साहित्याच्या यादीला दिला जातो आणि मग तीत लसूण, जिरेपूड, दही, मेयोनीज अशी भर पडत जाते. या नोंदीतील प्रतिपादन याच्या उलट आहे. ग्वाकामोलेची चव फळ नेमके पिकलेले असण्यावर, वाटण्याच्या क्रमावर आणि ते लगेच खाण्यावर ठरते. या तिन्ही अटी कोणा आचाऱ्याने घातलेल्या नाहीत. त्या अ‍ॅव्होकाडोच्या घडणीतूनच येतात.

अ‍ॅव्होकाडोचे शास्त्रीय नाव पर्सिया अमेरिकाना. दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळातले, त्याच लॉरेसी कुळातला हा वृक्ष आहे. त्याचे तीन मुख्य वंश मानले जातात : मेक्सिकोच्या उंच प्रदेशातला, ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातला आणि उष्ण सखल प्रदेशातला, ज्याला वेस्ट इंडियन म्हणतात. पहिल्याची साल पातळ असते आणि पाने चुरली की बडीशेपेसारखा वास येतो. तिसऱ्याचे फळ मोठे, गुळगुळीत सालीचे आणि पाणीदार असते. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक दिसणारी हास ही जात मेक्सिकन आणि ग्वातेमाली या दोन वंशांचा संकर आहे. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या टपाल कर्मचाऱ्याच्या बागेत बियांपासून उगवलेल्या एका झाडापासून ती आली आणि 1935 मध्ये तिला पेटंट मिळाले. तयार हास फळाच्या गरात तेलाचे प्रमाण 15 ते 20 टक्के किंवा त्याहूनही जास्त असते. सखल प्रदेशातल्या जातींत ते बहुधा 10 टक्क्यांच्या आत राहते. ग्वाकामोलेचा मऊ, जिभेवर रेंगाळणारा पोत या तेलाचा असतो. तो दही किंवा मेयोनीज घालून आणता येत नाही, कारण त्यांतले पाणी आणि आंबटपणा गराची मुळातली सौम्य, सुक्या मेव्याकडे झुकणारी चव झाकून टाकतात.

मात्र तेल असणे पुरेसे नाही. फळ पिकलेले हवे. अ‍ॅव्होकाडो झाडावर पक्व होतो, पण झाडावर मऊ होत नाही. जून झालेले फळ फांदीवर कित्येक आठवडे कडकच राहते, त्याच्यातले तेल वाढत जाते आणि तोडल्यानंतरच इथिलीन वायूच्या प्रभावाने पेशीभित्तिका सैल होऊ लागतात. या बदलात फळ गोडही होत नाही; पिकलेल्या गरात साखर 1 टक्क्याहून कमी असते. म्हणजे येथे पिकणे याचा अर्थ पोत बदलणे. ही गोष्ट फार जुन्या निरीक्षकांच्याही ध्यानात आली होती. 1519 मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या भूगोलग्रंथात मार्तीन फर्नान्देस दे एन्सिसो याने या फळाचे युरोपीय वाचकांसाठी वर्णन केले, तेव्हा आतला गर लोण्यासारखा असतो हेच त्याने नोंदवले. कच्च्या फळाच्या गरात हा लोणीपणा नसतो. तो ठेचला तर चुरा होतो, त्यातल्या गाठी मोडत नाहीत, चव गवताळ आणि किंचित कडू लागते. अति पिकलेल्या फळात तपकिरी शिरा दिसतात आणि खवट वास येतो. या दोन्ही दोषांवर लिंबू, मीठ, मसाला यांपैकी कशाचाही उतारा नाही.

फळ पिकवण्याचे हे शेवटचे काम स्वयंपाकघरात का येऊन पडते, याचे उत्तर व्यापारात आहे. जगातील सर्वांत मोठा अ‍ॅव्होकाडो उत्पादक देश मेक्सिको आणि त्यातही मिचोआकान हे राज्य आघाडीवर. तेथील उरुआपान शहर या फळाची राजधानी म्हणून ओळखले जाते. बियांतील किडीच्या भीतीने अमेरिकेने 1914 मध्ये मेक्सिकन अ‍ॅव्होकाडोवर घातलेली बंदी 1997 पासून टप्प्याटप्प्याने उठली आणि मागणी प्रचंड वाढली. लांबचा प्रवास सोसावा म्हणून फळ कडक असतानाच तोडून शीतपेटीतून पाठवले जाते. गिऱ्हाइकाच्या हाती येते ते बहुधा न पिकलेले फळ. ते घरच्या तापमानाला ठेवावे. घाई असेल तर कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेवावे, केळ्यातून सुटणारा इथिलीन ते लवकर पिकवतो. हासची साल पिकताना हिरव्याची काळपट जांभळी होते, पण इतर अनेक जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात, म्हणून रंगापेक्षा स्पर्श खरा. देठाजवळ तळव्याने हलके दाबून पाहावे. फळ किंचित दबले पण बोट रुतले नाही, तर ते तयार आहे. असे फळ त्या दिवशी वापरायचे नसेल तर शीतकपाटात दोन-तीन दिवस थांबवता येते. कच्चे फळ मात्र तेथे ठेवू नये, थंडीत त्याचे पिकणे रखडते.

दुसरी अट क्रमाची. मेक्सिकोत ग्वाकामोले मोल्काहेतेत करतात. हा ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचा, तीन पायांचा खल असून त्याच्या बत्त्याला तेहोलोते म्हणतात. आधी बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचा काही भाग भरड मिठाबरोबर रगडतात. मिठाचे खडे येथे चवीबरोबर घर्षणाचेही काम करतात; पेशी फुटतात, रस सुटतो आणि ओलसर वाटण तयार होते. मग त्यात गर घालून तो जेमतेम ठेचतात, काही फोडी शिल्लक राहू देतात. शेवटी बिया काढलेल्या टोमॅटोचे तुकडे, उरलेला कांदा आणि कोथिंबीर हलक्या हाताने मिसळतात. या क्रमाला कारण आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो ते तेलात विरघळते. मिरची आधी वाटली की ते गरातल्या तेलात सर्वत्र सारखे पसरते; चिरलेले तुकडे नंतर घातले तर एक घास सपक आणि दुसरा जाळणारा लागतो. तेल तिखटाची धारही बोथट करते, म्हणून गर मिसळण्याआधी वाटण नेहमीपेक्षा तिखट आणि खारट लागले पाहिजे. तीन मध्यम हास फळांना पाव वाटी कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक लहान टोमॅटो आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण सुरुवातीला धरावे आणि चाखून वाढवावे.

यावर आक्षेप असा घेतला जातो की हेच काम मिक्सर अर्ध्या मिनिटात करतो आणि दगडाचा आग्रह ही परंपरेची हौस आहे. आग्रह दगडाचा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. खोलगट वाडगे आणि काटा घेऊनही उत्तम ग्वाकामोले होते, वाटण तेवढे आधी खलबत्त्यात करून घ्यावे. मिक्सरला हरकत आहे ती त्याच्या कामाच्या रीतीमुळे. पाती गराच्या पेशी मोठ्या संख्येने फोडतात आणि वेगाने फिरताना त्यात हवा कालवतात. फुटलेल्या पेशी आणि हवा यांची गाठ पडली की गर काळवंडण्याची क्रिया वेगाने सुरू होते, शिवाय सगळा पोत एकसारखा गुळगुळीत होतो. मिक्सरमधला ठेचा आणि खलबत्त्यातला ठेचा यांत जो फरक मराठी जिभेला न सांगता कळतो, तोच येथेही आहे. मेक्सिकोतल्या ताकोच्या गाड्यांवर अ‍ॅव्होकाडो आणि तोमातियो हे टोमॅटोसारखे आंबट हिरवे फळ एकत्र फिरवून केलेली पातळ हिरवी चटणी मिळते आणि ती चवदारही असते. पण ती ताकोवर ओतायची चटणी आहे, तिचे काम निराळे. व्हेनेझुएलातील ग्वासाकाका हा व्हिनेगर घातलेला प्रकारही असाच स्वतंत्र पदार्थ आहे.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. लिंबाशिवाय ग्वाकामोले नाही असे काही जण म्हणतात, तर लिंबू घातले की ते अस्सल राहत नाही असे दुसरे सांगतात. इतिहास दोन्ही बाजूंना फारसा आधार देत नाही. अ‍ॅव्होकाडो, मिरची आणि टोमॅटो हे मेक्सिकोचे जुने घटक. कांदा, कोथिंबीर, लसूण आणि लिंबू हे स्पॅनिश लोकांबरोबर जुन्या जगातून आले. जुनेपणाच्या कसोटीवर लिंबू बाद करायचे तर कांदा-कोथिंबिरीलाही निरोप द्यावा लागेल, आणि तसे कोणी करत नाही. मेक्सिकन स्वयंपाकावर लिहिणाऱ्या डायना केनेडी यांच्या पाककृतींत ग्वाकामोले लिंबू आणि लसूण यांच्याशिवाय येते, तर मेक्सिकोतल्याच असंख्य घरांत लिंबू सर्रास पिळले जाते. 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मटार घातलेली कृती सुचवली, तेव्हा अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्यापर्यंत अनेकांनी नापसंती नोंदवली. माझ्या मते अशा वादांत प्रश्न चुकीचा विचारला जातो. घटक कुठून आला यापेक्षा तो गराला उठाव देतो की झाकतो, हे पाहावे. एक-दोन चमचे लिंबाचा रस तेलकट गराला उजळ करतो. लसूण आणि जिरे इतके जोरकस असतात की सौम्य गर मागे पडतो, म्हणून ते टाळलेले बरे. मटार पोत पिठूळ करतात आणि तेलाचे प्रमाण उतरवतात.

लिंबाच्या बाजूने दिले जाणारे मुख्य कारण मात्र चवीचे नसून रंगाचे असते, आणि तेथून तिसऱ्या अटीकडे यावे लागते. गर कापला की त्यातील फेनॉल संयुगे, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होते. लिंबाची आम्लता विकराचा वेग कमी करते, त्यातले क जीवनसत्त्व क्रिया काही काळ मागे रेटते. पण काळवंडणे पूर्ण थांबवण्याइतका रस घातला तर पदार्थ लिंबाचाच होतो. वाडग्यात बी ठेवल्याने रंग टिकतो हा समजही खरा नाही. बी ज्या भागाला चिकटून असते तेवढ्याच भागाला हवा लागत नाही, बाकीचा काळा पडतो. खरा उपाय हवा रोखण्याचा. पृष्ठभाग सपाट करून त्याला चिकटेल अशी प्लास्टिकची पातळ पारदर्शक पट्टी दाबून बसवावी आणि भांडे शीतकपाटात ठेवावे. तरीही काही तासांत कांदा उग्र होतो, टोमॅटोला पाणी सुटते आणि कोथिंबीर मलूल पडते. वाढण्याच्या आधी अर्ध्या तासात केलेले ग्वाकामोले आणि रात्री करून ठेवलेले ग्वाकामोले हे चवीने दोन वेगळे पदार्थ असतात.

मग बाजारात महिनाभर टिकणारे डबाबंद ग्वाकामोले कसे मिळते, अशी शंका रास्त आहे. त्याचे उत्तर मूळ मुद्द्याला बळकटीच देते. बहुतेक खाद्यपदार्थ उष्णता देऊन टिकवतात, पण अ‍ॅव्होकाडोचा गर तापवला की त्यात कडवट चव उतरते. म्हणून उत्पादकांना उष्णतेऐवजी दाबाचा मार्ग धरावा लागला. बंद पाकिटांवर वातावरणाच्या सुमारे 5 ते 6 हजार पट दाब देऊन त्यातले सूक्ष्मजीव मारले जातात. हे तंत्र सुरक्षित आहे आणि प्रवासात उपयोगी आहे. पण या दाबाने विकर पूर्णपणे निकामी होत नाही, त्यामुळे पाकीट थंडच ठेवावे लागते आणि उघडल्यावर लवकर संपवावे लागते. एवढी यंत्रणा उभारूनही चिरलेल्या कांद्याचा करकरीतपणा आणि ताज्या कोथिंबिरीचा वास टिकत नाही.

भारतात अ‍ॅव्होकाडो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला आणि तमिळनाडू, केरळ, कर्नाटकातील कोडगू व सिक्कीम येथे त्याची लागवड होते. दक्षिणेत तो बटर फ्रूट म्हणून विकला जातो. ही फळे पुष्कळदा मोठी, गुळगुळीत सालीची आणि कमी तेलाची असतात. मुंबई-पुण्याच्या बाजारात ती आणि आयात हास दोन्ही मिळतात. कमी तेलाच्या फळाचे ग्वाकामोले होतच नाही असे नाही, मात्र टोमॅटो वगळावा, लिंबू निम्मे करावे आणि गर कमी ठेचावा म्हणजे ते पाणचट होत नाही. बाकीचे साहित्य मराठी घरात रोजचेच आहे. मेक्सिकोत लिमोन म्हणून वापरले जाणारे लहान, पातळ सालीचे फळ आणि आपले कागदी लिंबू यांची वनस्पतिजात एकच. मेक्सिकोत या पदार्थासाठी पांढरा कांदा घेतात. अलिबागचा सौम्य, गोडसर पांढरा कांदा त्या जागी चपखल बसतो. सेरानो किंवा हालापेन्यो मिरचीऐवजी आपली हिरवी मिरची चालते, फक्त ती जास्त तिखट असेल तर प्रमाण कमी करावे.

पोषणाच्या दृष्टीने 100 ग्रॅम अ‍ॅव्होकाडोच्या गरात सुमारे 160 कॅलरी, 15 ग्रॅम मेद आणि जवळजवळ 7 ग्रॅम तंतू असतात. मेदाचा मोठा भाग ओलिक आम्लाचा असतो आणि त्याच्याबरोबर खाल्लेल्या टोमॅटोतील कॅरोटिनॉइडे शरीरात अधिक शोषली जातात. दुसऱ्या बाजूला, वाढत्या मागणीमुळे मिचोआकानमध्ये पाइन-ओकची जंगले तोडून बागा उभ्या राहिल्या आहेत आणि पाण्यावरही ताण पडला आहे. इतकी किंमत मोजून आलेले फळ कच्चे कापून किंवा सडू देऊन वाया घालवणे हा स्वयंपाकातला किरकोळ दोष मानता येणार नाही. म्हणून घरी ग्वाकामोले करणाऱ्याने बेत ठरवून फळ शोधू नये. फळ पिकले की बेत ठरवावा, जेवणाऱ्यांना आधी बसवावे आणि मग गर ठेचायला घ्यावा.