सूर जसा उमटला तसा : वॉटर लिली अ‍ॅकॉस्टिक्सची वाटचाल

ध्वनिमुद्रणाच्या जगात १९८०चं दशक नव्या तंत्राच्या लाटेचं होतं. टेपची जागा डिजिटल यंत्रं घेऊ लागली होती आणि घराघरांत सीडी येत होती. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं, चुकलेला तुकडा पुन्हा वाजवून घ्यायचा, मग सगळं मिक्सरवर जुळवायचं, ही रीत तर आधीच रुळली होती. त्याच सुमारास श्रीलंकेत जन्मलेल्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे ‘वॉटर लिली अ‍ॅकॉस्टिक्स’ ही छोटी संस्था काढली आणि नेमकी उलटी वाट धरली. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारी, खास बनवून घेतलेली यंत्रं, अ‍ॅनालॉग टेप आणि मोजके माइक. मागाहून दुरुस्ती करायची नाही.

यातली माइकची मांडणी समजून घेतल्याशिवाय या संस्थेचं मोल कळत नाही. ती ‘ब्लुमलाइन’ पद्धतीची. अ‍ॅलन ब्लुमलाइन हा इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीचा इंजिनिअर. स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी त्याने १९३१ साली अर्ज केला. त्याच्या पद्धतीत पुढून आणि मागून सारखंच ऐकणारे दोन माइक एकाच जागी, एकमेकांशी काटकोन करून लावतात. डाव्या-उजव्या बाजूचे, जवळचे आणि लांबचे सूर त्यांना खोलीत जसे ऐकू येतात तसे टेपवर उतरतात. तबला फार पुढे आला तर तो मागाहून कमी करता येत नाही. त्यासाठी तबलजीलाच उठून मागे बसावं लागतं. म्हणजे तोल साधायचा तो वादकांनी, बैठकीत. आपल्या मैफलीची रीत याहून वेगळी कुठे आहे?

अशा मुद्रणात जागेलाही वाद्याइतकंच महत्त्व येतं. वॉटर लिलीला ती जागा सांता बार्बरामध्येच सापडली : सेंट अँथनीज सेमिनरी या जुन्या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेतलं ‘ख्राइस्ट द किंग’ चॅपल. तिथला नैसर्गिक घुमारा या संस्थेच्या मुद्रणांची ओळख ठरला.

सप्टेंबर १९९२मध्ये या चॅपलमध्ये दोन स्लाइड गिटारवादक समोरासमोर बसले. एक जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट, पंडित रविशंकर यांचे शिष्य. गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून त्यांनी मोहनवीणा घडवली होती. दुसरे कॅलिफोर्नियाचे राय कूडर. बॉटलनेक म्हणजे बोटात नळी घालून तारेवरून सरकवत वाजवण्याच्या शैलीतले ते मोठे वादक. ‘पॅरिस, टेक्सास’ या १९८४च्या चित्रपटाला त्यांचंच संगीत आहे. दोघांची पहिली भेट झाली आणि तासाभराच्या आत मुद्रण सुरू झालं. तालीम नव्हती, स्वरलेखनही नव्हतं. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी होते आणि डुंबेक या अरबी तालवाद्यावर कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगा जोआकिम.

त्यातून आलेली ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही तबकडी जेमतेम चाळीस मिनिटांची आहे आणि तिच्यात चारच रचना आहेत. परक्या परंपरांतले वादक एकत्र आणले की पुष्कळदा दोघेही आपापलं पाठ केलेलं वाजवतात आणि ऐकणाऱ्याला दोन मैफली एकदम ऐकल्यासारखं वाटतं. इथे तसं झालं नाही. माझ्या मते त्याचं कारण मींड. पडद्यांवर बोटं ठेवून वाजवणाऱ्याचा सूर एका घरातून दुसऱ्या घरात जातो. तारेवरून नळी किंवा दांडी सरकवणाऱ्याला मात्र दोन स्वरांमधली सगळी वाट मोकळी असते. ब्लूजमधला विव्हळता सूर आणि आपल्या गायकीतली मींड त्या वाटेवरच भेटतात. तिसऱ्या रचनेचं नावच ‘गँजेस डेल्टा ब्लूज’ आहे, म्हणजे गंगेचं मुख आणि ब्लूजची जन्मभूमी असलेला मिसिसिपीचा डेल्टा एकाच नावात आले. शेवटची ‘इसा लेई’ ही फिजी बेटांतली निरोपाची पारंपरिक धून. मांडीवर गिटार ठेवून धातूच्या दांडीने वाजवण्याची रीत प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरून जगभर गेली आणि भारतातही पोचली. म्हणून या दोघांनी शेवटी त्याच समुद्रातल्या धुनेकडे वळावं, हे मला फार उचित वाटतं.

स्लाइड गिटार आणि हिंदुस्थानी गायकी यांचा एक शेजार याआधीच घडला होता. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्या लगेच पुढचं मुद्रण ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासच्या अंध वादकाचं, १९२७ सालचं, शब्दाविना गुणगुणणं आणि स्लाइड गिटार. ‘पॅरिस, टेक्सास’चं संगीत कूडर यांनी जॉन्सनच्या याच रचनेवर बेतलं होतं. केसरबाईंच्या स्वरातली अखंडता ज्यांच्या कानात आहे, त्यांना भट्ट-कूडर यांची तबकडी परकी वाटणार नाही.

तबकडी १९९३ साली बाहेर आली. मार्च १९९४मध्ये तिला जागतिक संगीतासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि छोट्या संस्थेचं नाव जगभर झालं. मग भेटी घडवण्याचा सिलसिलाच सुरू झाला. ‘बर्बन अँड रोझवॉटर’मध्ये भट्ट यांच्यासोबत डोब्रो या स्लाइडने वाजणाऱ्या गिटारवर जेरी डग्लस आणि बासवर एडगर मायर आले. ‘मुमताज महल’मध्ये ब्लूज गायक ताज महाल आणि चित्रवीणेचे एन. रविकिरण, ‘तबुला रासा’मध्ये बेला फ्लेकचा बॅन्जो आणि अरहू हे चिनी तंतुवाद्य, ‘सल्तनाह’मध्ये सायमन शाहीन यांचा ऊद. सगळ्या मुद्रणांत ती उंची नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. जिथे समोरचं वाद्यही सरकत्या सुराचं आहे, तिथे संवाद खोल जातो. बॅन्जोचा सूर छेडताच विरतो, त्यामुळे तिथे लयीची गंमत जास्त आणि आलापीला जागा कमी.

२०००च्या ‘हॉलो बांबू’मध्ये मुंबईचे बासरीवादक रोणू मजुमदार, कूडर आणि ट्रम्पेटवादक जॉन हॅसेल एकत्र आले. हॅसेल यांनी पंडित प्राणनाथ यांच्याकडे किराणा गायकीची तालीम घेतलेली, त्यामुळे त्यांच्या फुंकेतही मींड आहे. या तबकडीची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. व्हायला हवी होती. पुढे संस्थेने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारखा मोठा वाद्यमेळही आपल्या पद्धतीने मुद्रित केला. चौघांच्या बैठकीसाठी वापरलेलं तत्त्व तिथेही तेच होतं.

‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ पुढच्या काळात अमेरिकेतल्या अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सने सुपर ऑडिओ सीडीवर आणि ४५ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीवर पुन्हा आणली. जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांत वाद्यं वरखाली करण्याचा मोह सर्रास दिसतो. इथे तशी सोयच नव्हती. वेगळे ट्रॅक नव्हते, होते ते फक्त डावं आणि उजवं. तबला कूडरपासून किती अंतरावर ठेवायचा हे १९९२मध्ये चॅपलमध्येच ठरलं होतं.