बोर्डीकांठचें पातूर

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुण मंडळींस घेऊन कोठें जावें, असा प्रश्न निघाला तेव्हां आम्हीं पातूर सुचविलें. अकोल्याच्या दक्षिणेस सुमारें २० मैलांवर, घाटाच्या पायथ्याशीं, बोर्डी नदीच्या कांठीं हें जुनें गांव वसलें आहे. पहांटेचा मिस्साबली आटोपून आम्ही सायकलींवर निघालों. रस्ता काळ्या जमिनींतून जाणारा, सोपा. तरी पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांस वीस मैल म्हणजे वीस मैलच!

गांवांत सायकली ठेवून पायीं टेकडीकडे वळलों. तेथें खडकांत कोरलेलीं लेणीं आहेत. अजिंठ्याचीं चित्रें येथें नाहींत; साधे खांब, ओसरी आणि आंत काळोख. हे बौद्ध भिक्षूंचे विहार मानले जातात. त्यांपैकीं एकाही भिक्षूचें नांव लोकांच्या तोंडीं उरलेलें नाहीं.

तेथून शेख बाबूंच्या दर्ग्यास गेलों. यांचें मूळ नांव शेख अब्दुल अझीझ. यांच्यावरूनच गांवास पातूर शेख बाबू म्हणत. दिल्लीचा महंमद तुघलक यांस फार मानी, अशी आख्यायिका आहे. दरवाज्यावरील लेखाप्रमाणें ही कबर १३८८ सालची असून १६०६-०७ मध्यें बैरामखानाचा पुत्र अब्दुर रहीम खानखानान यानें तिची डागडुजी केली. हा तोच दोहे रचणारा रहीम. ज्या अकबराच्या पदरीं तो होता, त्याच्याच दरबारीं १५८० सालीं येशूसंघाचे फादर रुडोल्फ आक्वाविवा गेले होते. पुढें १५८३ मध्यें गोव्यांत कुंकळ्ळी येथें त्यांस हौतात्म्य आलें. वऱ्हाडांतल्या एका दरवाज्यापाशीं उभे राहून मुलांस हें सांगतांना आमचें आम्हांसच नवल वाटलें.

नदीकांठीं भाकरी सोडल्या तेव्हां एका मुलानें विचारलें, "फादर, आपल्या देवळांतला पहिला बाप्तिस्मा कोणाचा?"

आम्ही निरुत्तर झालों. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीचीं पहिलीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत. शेख बाबूंचें साल सहा शतकें टिकलें, आणि आमचीं पन्नास वर्षांपूर्वींचीं माणसें मात्र त्या भिक्षूंच्या पंक्तीस जाऊन बसलीं!

पुढल्या रविवारीं मिस्साबलीनंतर वृद्ध मंडळींस ओसरीवर बसवून मुलांनीं नांवें टिपून घेतलीं. सतरा मिळालीं. पहिल्या मिस्साबलीच्या दिवशीं सर्वांस भाकरी करून घालणारी एक विधवा बाई होती, एवढें तिघांस आठवलें. नांव कोणासच आठवेना. वहींत तिची ओळ मोकळी ठेवली आहे. ज्या कुटुंबास ठाऊक असेल त्यांनीं कृपा करून आम्हांस कळवावें.