हेमंतांतील मसाल्याचें मद्य आणि द्राक्षारिष्ट

नाताळाच्या दिवसांत तांबड्या वाइनमध्यें दालचिनी, लवंग, संत्र्याची साल व साखर घालून ती मंद विस्तवावर ऊन करून पिण्याची युरोपीय चाल अलीकडे छत्रपति संभाजीनगरांतहि (जुनें औरंगाबाद) कांहीं घरांतून दिसूं लागली आहे. तिजविषयीं दोन मतें ऐकूं येतात. हें केवळ परकीयांचें अनुकरण होय, असें एक पक्ष म्हणतो. हें तर आमचें द्राक्षारिष्टच, युरोपनें तें आमच्यापासून उचललें, असें दुसरा म्हणतो. ग्रंथांचा पुरावा पाहतां दोन्ही मतें जशींच्या तशीं टिकत नाहींत, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें क्रमानें देतों.

युरोपीय पेयापासून आरंभ करूं. आपिकियुस याच्या नांवावर चालणाऱ्या लॅटिन पाकग्रंथाच्या आरंभींच मसाल्याच्या मद्याची कृति आहे. मध व मद्य एकत्र तापवावें, त्यांत मिरीं, मस्तकी, केशर, भाजलेल्या खजुराच्या बिया आणि एक सुगंधी पान घालावें, व शेवटीं आणखी मद्य मिसळावें, असा तिचा सारांश. या पानाचें ग्रीक-लॅटिन नांव ‘मालाबाथ्रुम’. तें आपल्या ‘तमालपत्र’ या शब्दाचेंच रूपांतर होय, असें विद्वान् मानतात. म्हणजे रोमन माणसाच्या पेल्यांत मद्य त्याचें असलें तरी मिरीं व तमालपत्र हे दोन जिन्नस हिंदुस्थानचे होते.

या व्यापारांत आमच्या जिल्ह्याचाहि हात होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लुस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचें सांगितलें असून, पैठणाहून अकीक वगैरे माल गाड्यांवरून भडोचेस जात असे, असें म्हटलें आहे. त्याच बंदरांत इटलीचें, लाओदिकियाचें व अरबस्तानचें मद्य उतरे, आणि परत जाणाऱ्या मालांत पिंपळी असे. प्लिनीनें पिंपळीचा भाव पौंडास पंधरा दिनार, तर काळ्या मिऱ्यांचा चार दिनार दिला आहे. मात्र मिरीं व तमालपत्र यांचा मोठा व्यापार मलबारच्या बंदरांतून होई. त्याचें श्रेय पैठणास देतां येणार नाहीं. तसेंच दख्खनच्या उत्खननांत सांपडलेलें प्रत्येक परदेशी खापर रोमन मद्यकुंभाचें समजूं नये. पूर्वीं रोमन ठरविलेलीं अशीं अनेक खापरें इराक-इराणकडील निमुळत्या बुडाच्या रांजणांचीं असल्याचें पुढील तपासांत आढळलें आहे.

आतां द्राक्षारिष्टाकडे वळूं. शार्ङ्गधरसंहितेंतील पाठ असा : द्राक्षें अर्धी तुला, म्हणजे ५० पलें, दोन द्रोण पाण्यांत चतुर्थांश उरेपर्यंत आटवावीं, काढा गाळून थंड झाल्यावर त्यांत दोन तुला, म्हणजे २०० पलें, गूळ घालावा, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, प्रियंगु, मिरीं, पिंपळी व वावडिंग यांचें चूर्ण प्रत्येकीं एक पल टाकून तें भांड्यांत मुरवावें. उरःक्षत, क्षय, खोकला व दमा यांवर तें सांगितलें आहे.

या पाठांतून दोन गोष्टी निघतात. पहिली प्रक्रियेची. युरोपीय कृतींत तयार मद्यास विस्तव दाखवितात. अरिष्टांत विस्तवाचें काम आंबण्याच्या आधींच संपतें. मसाला थंड काढ्यांत पडतो व आंबतांना मुरतो. हा भेद लहान नव्हे. मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळूं लागतो, म्हणून तयार मद्य फार तापविलें तर त्याचें बळ वाफेबरोबर जातें. यास्तव युरोपीय कृति करणाऱ्यानेंहि तें ऊन करावें, उकळूं देऊं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या अरिष्टांत द्राक्षांच्या चौपट गूळ आहे. नांव द्राक्षाचें, पण मद्यार्क मुख्यतः गुळाचा. वस्तुतः हें गौड मद्यच होय. वाग्भटाची ऋतुचर्या याशीं ताडून पाहावी. अष्टांगहृदयांत हेमंतासाठीं गौड, अच्छसुरा व सुरा हीं सांगितलीं आहेत. द्राक्षांचें मार्द्वीक वसंतांत सांगितलें आहे. तेव्हां थंडींत द्राक्षमद्य प्यावें ही वाग्भटाची योजना नव्हे. याच सूत्रस्थानावर यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली. म्हणजे हा विचार देवगिरीच्या विद्वानांस परिचित होता. चरकाच्या हेमंतचर्येंत ‘मधु’ शब्द येतो खरा, परंतु त्याचा अर्थ मध कीं द्राक्षमद्य, हें संदर्भावरून ठरवावें लागतें. कौटिल्य तर द्राक्षरसास स्पष्टच ‘मधु’ म्हणतो. केवळ शब्दसाम्यावर सिद्धांत उभारूं नये.

देवगिरीस द्राक्षें नव्हतीं, असें मात्र नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता यानें दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें नमूद केलें आहे. दख्खनच्या हवेंत वेल पानगळ होऊन निजत नाहीं. म्हणूनच आजहि बागाईतदार एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी करतो. या दुसऱ्या छाटणीचें मुख्य पीक नाताळानंतर हातीं येतें. त्यामुळें मार्गशीर्षांत कोणी अरिष्ट घालूं म्हटलें तर त्यास मनुकाच घ्याव्या लागतील. वैद्यहि द्राक्षारिष्टास बहुधा मनुकाच वापरतात.

हें सर्व घरीं होई काय? कौटिल्यानें सुरेचा व्यवहार सुराध्यक्षाच्या ताब्यांत दिला असतांहि गृहस्थांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक ठेवली, आणि उत्सव, समाज व यात्रा यांसाठीं चार दिवसांची सवलत दिली. उलट मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी अशा तिन्ही सुरा द्विजोत्तमांस वर्ज्य केल्या. एकच आंबविलेला गूळ मद्य म्हटला तर निषिद्ध, अरिष्ट म्हटला तर औषध! आज महाराष्ट्रांत परवान्यावांचून मद्य आंबविणें १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. म्हणून घरच्या चुलीकडे उरलें तें विकतची वाइन ऊन करण्यापुरतें.

यावरून आमचा निर्णय असा : नाताळाचें ऊन मद्य कृतीनें युरोपचें, मसाल्यानें बव्हंशीं पूर्वेचें, द्राक्षारिष्ट हा त्याचा पूर्वज नव्हे, तर स्वतंत्र वाटेनें आलेला सोयरा होय.

शास्त्रग्रंथ काय करावें तें सांगतात. लोक काय करीत तें घरगुती कागदांतूनच कळावयाचें. संग्राहकांस आमची विनंति कीं, वैद्यकाचीं बाडें व खर्चाच्या याद्या किरकोळ समजून रद्दींत घालूं नयेत. मनुका, गूळ व पिंपळी एकाच नोंदींत आढळल्यास महिना, मापें आणि गुळाचें द्राक्षांशीं प्रमाण हीं तीन अवश्य टिपून घ्यावींत. तीं जुळलीं तरच शार्ङ्गधराचा पाठ मराठी घरांत कितपत उतरला होता, हें निश्चयानें सांगतां येईल.