झोत परत जागेवर आणणं

25 सप्टेंबर 1981 रोजी बार्सिलोनातल्या बैलझुंजीच्या रिंगणात ‘जेनेसिस’ या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम झाला, आणि मैफलीच्या मंचावरच्या फिरत्या दिव्यांचा इतिहास सहसा तिथूनच सांगितला जातो. डॅलसच्या ‘शोको’ कंपनीत जिम बोर्नहॉर्स्ट आणि त्यांचे सहकारी खरं तर रंग आपोआप बदलणारा दिवा बनवत होते. आणखी दोन मोटरी बसवल्या तर दिवाच वळवता येईल, हे नंतर सुचलं. डिसेंबर 1980 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये जाऊन नमुना दाखवला, बँडने त्यात पैसे घातले आणि वर्षभराच्या आत ‘व्हेरी-लाइट’ लोकांसमोर आला. या कथेत कौतुक होतं ते दिवा हलला याचं. मला मात्र त्यातली अवघड आणि मोठी गोष्ट दुसरीच वाटते: एकदा नेमून दिलेल्या जागी झोत पुन्हा पुन्हा, अचूक परत आणणं.

दिवा हलवण्यासाठी मोटरींची वाट पाहावी लागली नव्हती. फॉलो-स्पॉट हातात धरून गायकामागे झोत फिरवणारा माणूस आधीपासून होताच. त्याची अचूकता त्याच्या डोळ्यांत होती. झोत वीतभर चुकला की हात आपोआप सावरायचा. मोटरीच्या दिव्याला डोळा नाही. वीज आल्यावर तो गोल फिरून, वर-खाली होऊन स्वतःचं शून्य शोधतो आणि तिथून पुढे फक्त पावलं मोजतो. स्टेपर मोटरचं एक पाऊल साधारण 1.8 अंशांचं; पट्टे, दंतचक्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून त्याचे बारीक तुकडे करतात. कुणाचा धक्का लागला आणि काही पावलं हुकली, तर खाचांची चकती वाचणारा एन्कोडर ते ओळखून दिव्याला जागेवर आणतो. पण एन्कोडर मोटरच्या दांड्यावर असेल आणि पट्टा एक दात सरकला, तर मोटरच्या हिशेबात सगळं बरोबरच राहतं आणि झोत मात्र ड्रमऐवजी पडद्यावर पडतो.

दिव्याला हुकूम देणाऱ्या आकड्यांची भाषाही हळूहळूच नेमकी झाली. 1986 साली ठरलेल्या डीएमएक्स 512 या संकेतात एका वाहिनीला 0 ते 255 एवढेच आकडे मिळतात. 540 अंश फिरणाऱ्या दिव्याला हे 256 टप्पे वाटून दिले, तर एक टप्पा दोन अंशांहून मोठा होतो. दहा मीटरवर झोत एका उडीत सुमारे 37 सेंटिमीटर सरकतो. म्हणून एका हालचालीला दोन वाहिन्या जोडण्याची पद्धत रुळली. मग टप्पे झाले 65,536, आणि दहा मीटरवरची उडी दीड मिलिमीटरच्याही आत आली. हा संकेत मुळात एकतर्फी आहे. दिवे चालवणारा कन्सोल सांगतो, दिवा ऐकतो. तो खरोखर कुठे वळला हे परत कळवण्याची सोय मूळ रचनेत नव्हती.

इथेच माझा मुद्दा येतो. मिलिमीटरचा हिशेब मोटरीपुरता खरा असतो, सभागृहापुरता नाही. दिवे टांगायचा सांगाडा, म्हणजे ट्रस, एका अंशाने कलला तरी दहा मीटरवर 17 सेंटिमीटरची चूक होते. आठ मीटर उंचीवरच्या दिव्याने सहा मीटर पुढच्या माइकवर झोत टाकायचा आहे, आणि आजच्या सभागृहात ट्रस अर्धा मीटर खाली टांगावा लागला, तर कालचाच आकडा झोत 37 सेंटिमीटर अलीकडे टाकतो. म्हणून दौऱ्यावर कुणीतरी माइकच्या खुणेवर उभं राहतं आणि कन्सोलवरचा माणूस एकेक दिवा त्याच्यावर आणून साठवलेली पोझिशन नव्याने नोंदवतो. गाण्यांचे शेकडो क्यू, म्हणजे दिव्यांचे ठरलेले बदल, त्या मोजक्या पोझिशनांवर उभे असतात, म्हणून तेवढ्या दुरुस्त केल्या की सगळा कार्यक्रम नव्या जागेत बसतो. ही युक्ती मला मोटरीइतकीच थोर वाटते.

यावर कुणी म्हणेल, आता संगणकात सभागृहाची त्रिमितीय प्रतिकृती असते, गायकाचा माग घेणारी यंत्रणाही असते. हाताने फोकस करण्याचे दिवस संपले. या साधनांनी काम हलकं केलं हे खरंच. पण प्रतिकृतीतला ट्रस सरळ असतो आणि खरा ट्रस वजनाने झुकतो. माग घेणाऱ्या यंत्रणेलाही प्रत्येक दिवा नेमका कुठे, किती कलून टांगला आहे हे आधी मोजून द्यावंच लागतं. दुसरा आक्षेप असा, की प्रेक्षकाला वीतभर फरक कळत नाही. पसरट झोत असेल तर नाही कळत. पण आपल्याकडे मिरवणुकीपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘शार्पी’ या फिरत्या दिव्याचा झोत जेमतेम चार अंशांचा असतो. धुरात असे बारा झोत समांतर उभे राहिले आणि त्यातला एकच तिरका गेला, तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो दिसतो.

व्हेरी-लाइट बनवणाऱ्यांना हे सुरुवातीपासून उमगलं असावं. त्यांनी पुढची बरीच वर्षं हे दिवे विकले नाहीत, भाड्यानेच दिले. आणि दिव्यांच्या पेट्यांबरोबर ते उघडून दुरुस्त करणारी आपली माणसंही दौऱ्यावर पाठवली.