हृदयातला दोष, आणि दोष कुणाचा?

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. उर्दूत एखाद्या गोष्टीत काही उणं राहिलं तर त्याला ‘नुक्स’ म्हणतात आणि माणसाच्या हातून काही वाईट घडलं तर ‘कसूर’. मराठीत दोन्हींना एकच शब्द पुरतो, ‘दोष’. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण ‘बाळाच्या हृदयात जन्मजात दोष आहे’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरी पोहोचेपर्यंत त्यातला नुक्स गळून पडतो आणि कसूर तेवढा उरतो. ग्रहणात बाहेर पडली असेल, मगरिबच्या वेळी केस मोकळे सोडले असतील, कुणाची नजर लागली असेल, नाहीतर सुनेच्या माहेरचंच काही असेल. उर्दू बोलणाऱ्या घरांतही हेच चालतं. दोन वेगळे शब्द असूनही त्यांचा उपयोग होत नाही. कसूर बहुतेक वेळा आईच्या पदरात पडतो. या चौकशीत जे महिने जातात, ते बाळाच्या आयुष्यातले सर्वात मोलाचे महिने असतात. म्हणून हृदयाच्या दोषाचा इतिहास आपण नीट समजून घ्यायला हवा.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन, म्हणजे आपल्याकडच्या हकिमांचा जालीनूस, असं मानत होता की हृदयाच्या मधल्या पडद्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. हजार वर्षं हेच शिकवलं गेलं. इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्येही तेच होतं. दमास्कसकडे जन्मलेले आणि पुढे कैरोत वैद्यकी करणारे इब्न अल-नफीस यांनी 1242 मध्ये ‘अल-कानून’च्या शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिलं. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा पडदा जाड आणि घट्ट असतो, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी कोणतीच छिद्रं नसतात. रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या कप्प्यात येतं. युरोपात विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणाचा ग्रंथ आला 1628 मध्ये. इब्न अल-नफीस यांचं हे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं. 1924 मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या एका इजिप्शियन डॉक्टरांनी ते उजेडात आणलं.

‘सगळं आमच्याच लोकांनी आधी शोधलं’ एवढंच म्हणून या गोष्टीवर खूश व्हायचं नाही. ज्या इब्न सिनांना सगळं जग उस्ताद मानत होतं, त्यांच्याच ग्रंथावर लिहिताना ‘इथे चूक आहे’ असं म्हणण्याची हिंमत इब्न अल-नफीस यांनी दाखवली, हे खरं शिकण्यासारखं. 1288 मध्ये ते गेले, तेव्हा आपलं घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सुरी रुग्णालयाला देऊन टाकला. सुलतान कलावून यांनी 1284 मध्ये बांधलेलं हे रुग्णालय वक्फवर चालायचं आणि गरीब-श्रीमंत दोघांनाही तिथे उपचार मिळत.

निरोगी माणसाच्या हृदयाच्या पडद्यात छिद्र नसतं, हे इब्न अल-नफीस यांचं म्हणणं बरोबर होतं. पण प्रत्येक बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या हृदयात एक झरोका उघडा असतो आणि हृदयाबाहेरच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळीही असते. बाळाची फुप्फुसं अजून चालू झालेली नसतात, म्हणून रक्ताला ही आडवाट लागते. जन्मानंतर दोन्ही वाटा बंद होतात. काही बाळांत त्या बंद होत नाहीत, काहींचा पडदाच अपुरा राहतो, काहींच्या झडपा किंवा रक्तवाहिन्या वेगळ्या घडतात. हजारात साधारण आठ बाळांना असा काहीतरी दोष असतो. आणि हृदयाची ही जडणघडण गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांतच जवळजवळ पूर्ण होते. कित्येक बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी काय संबंध असणार?

1888 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरातले डॉक्टर फालो यांनी ‘निळ्या आजारा’चं नेमकं वर्णन केलं. पडद्यात छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी सरकलेली आणि उजवा कप्पा जाड, असे चार दोष एकत्र. अशा मुलाचे ओठ आणि नखं निळसर पडतात. खेळता खेळता ते मध्येच उकिडवं बसतं, कारण तसं बसल्यावर फुप्फुसाकडे जाणारं रक्त थोडं वाढतं आणि त्याला बरं वाटतं. माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना मुद्दाम सांगते, मैदानावर असं बसणारं मूल आळशी नसतं. त्याला ओरडू नका, त्याच्या घरी निरोप पाठवा.

या आजाराला नाव मिळालं, तरी पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यावर इलाज नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग ही मुलं तपासत असत. त्यांना लहानपणी वाचताना अक्षरं जुळवणं जड जायचं आणि पुढे ऐकूही कमी येऊ लागलं, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची धडधड ओळखायला शिकल्या. त्यांच्या लक्षात आलं की जन्मानंतर ती छोटी नळी बंद झाली की काही मुलं जास्त निळी पडतात. मग तशीच एक वाट मुद्दाम तयार केली तर? अशी उघडी राहिलेली नळी 1938 मध्ये शस्त्रक्रियेनं बंद करून दाखवणारे बोस्टनचे सर्जन रॉबर्ट ग्रॉस यांच्याकडे त्या गेल्या, पण त्यांनी रस दाखवला नाही. शेवटी त्यांच्याच रुग्णालयात आलेले सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक तयार झाले.

ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे एक कृष्णवर्णीय सहायक होते. पेशानं सुतार. डॉक्टर व्हायचं होतं, पण मंदीत बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. काम संशोधकाचं करत, पण पगाराच्या यादीत हुद्दा होता सफाई कामगाराचा. कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली. 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलोच्या एका मुलीवर ती पहिल्यांदा झाली, तेव्हा ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस त्यांना एकेक टाका सांगत होते. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली. पण तिच्यानंतर आलेल्या कितीतरी मुलांचे निळे ओठ गुलाबी झाले. 1945 च्या शोधनिबंधावर थॉमस यांचं नाव नव्हतं. मानद डॉक्टरेट मिळायला 1976 साल उजाडलं. आज या शस्त्रक्रियेच्या नावात तिघांचीही नावं घेतली जातात.

मिनेसोटात 26 मार्च 1954 रोजी डॉक्टर लिलेहाय यांनी एका वर्षाच्या आसपासच्या बाळाचं हृदय उघडून पडद्यातलं छिद्र बुजवलं. तेवढा वेळ बाळाच्या शरीराला रक्त पुरवलं त्याच्या बापानं. दोघं शेजारी झोपलेले, नळ्यांनी जोडलेले. छिद्र बुजलं, पण ते बाळ काही दिवसांनी न्यूमोनियानं गेलं. तरी हा रस्ता पुढच्या मुलांसाठी उघडला. दोष कुणाच्या घराण्याचा, हा प्रश्न त्या बापानं टेबलावर झोपण्याआधी विचारत बसला असता तर?

आता आनुवंशिकतेबद्दल. जन्मजात आणि आनुवंशिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जन्मजात दोषांचं एकच असं कारण सापडत नाही. काही दोष गुणसूत्रांच्या फरकातून येतात, जसे डाऊन सिंड्रोममध्ये. आईचा मधुमेह आटोक्यात नसेल तर धोका वाढतो. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना आणि हृदयाला इजा होऊ शकते. 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम आली, तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आपल्याला आठवत असेल. ज्या लसीनं आपल्या मुलींच्या पुढच्या बाळांची हृदयं वाचतात, तिलाच आपल्या काही मोहल्ल्यांत घाबरत होते.

आणि नात्यातली लग्नं. हा विषय निघाला की आपण एकतर चिडतो नाहीतर गप्प बसतो. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चुलत-मामे-मावस भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषांचा धोका सुमारे 3 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे धोका दुप्पट होतो, तरी शंभरातली चौऱ्याण्णव बाळं निरोगी असतात. वयाची चौतिशी ओलांडलेल्या गोऱ्या आयांमध्येही धोका तितकाच वाढलेला दिसला. तेव्हा आपल्याला कुणी टोमणे मारण्याचं कारण नाही, आणि आपणही आकडा झाकून ठेवण्याचं कारण नाही. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही होतं. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं होत असतील, किंवा घरात आधी असं बाळ झालं असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना ते आपणहून सांगा. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करता येते.

दूध पिताना बाळाला घाम येतो, ते थांबत थांबत पितं, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो, ओठ निळे पडतात, यांपैकी काही दिसलं तर टू-डी इको करून घ्यायला सांगा. काही लहान छिद्रं आपोआप बुजतात, पण ते डॉक्टर ठरवतील, शेजारच्या खाला नाही. मोठं छिद्र तसंच राहिलं तर फुप्फुसातला दाब वाढत जातो आणि एक वेळ अशी येते की शस्त्रक्रियाच करता येत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलं तपासायला येतात, हृदयाचे दोष त्यांच्या यादीत आहेत आणि पुढच्या उपचारांची सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. रेशनकार्ड, आधार आणि जन्मदाखला यांवरची नावं जुळवून ठेवा. आपल्याकडे एका कागदावर ‘शेख’ आधी आणि दुसऱ्यावर शेवटी असतं, आणि त्यात आठवडे जातात. तपासणीच्या दिवशी ‘आज पाहुणे आहेत’ म्हणून मुलाला घरी ठेवू नका.

रिपोर्टवर ‘दोष’ असं लिहिलेलं दिसेल, तेव्हा त्याचा अर्थ नुक्स असा वाचा. नुक्स दुरुस्त करता येतो. सुनेला विचारायचंच असेल तर एवढंच विचारा की पुढची तारीख कधीची आहे आणि सोबत कोण येणार आहे.