यांत्रिक सशाच्या मागें



डर्बी हें नांव कानीं पडलें कीं आपल्या डोळ्यांपुढें घोडे उभे राहतात. परंतु इंग्लंडांत याच नांवाची दुसरीहि एक शर्यत आहे, आणि ती कुत्र्यांची आहे. ग्रेहाउंड डर्बी ही तेथील श्वानशर्यतींतील अजिंक्यपदाची स्पर्धा होय. १९२७ सालीं सुरू झालेल्या या स्पर्धेचा इतिहास निव्वळ वेगाचा इतिहास नाहीं. शहरांतील कष्टकऱ्यांच्या करमणुकीचा तो इतिहास आहे. आणि ज्या मुक्या प्राण्याच्या जिवावर आपण करमणूक करून घेतों त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं, हा प्रश्नहि त्यांत गुंतलेला आहे.

ग्रेहाउंड हा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणारा कुत्रा. आपल्या दख्खनमधील कारवानी कुत्रा याच जातकुळीचा: निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि लांबसडक पाय. इंग्लंडांत या कुत्र्यांचा जुना खेळ म्हणजे जिवंत सशामागें दोन कुत्रे सोडावयाचे आणि त्यांचें कसब जोखावयाचें. १८३६ सालीं सुरू झालेला लँकाशायरमधील वॉटर्लू चषक हा या खेळाचा सर्वोच्च मान समजला जाई. तेथें गर्दीहि मोठी जमे. परंतु या खेळाला मोकळें रान हवें, दिवसाचा उजेड हवा आणि फुरसत हवी. दिवसभर कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला संध्याकाळीं सहज जाऊन पाहतां येईल असा तो खेळ नव्हता.

जिवंत सशाऐवजीं बनावट ससा पळवावा, ही कल्पना प्रथम १८७६ सालीं लंडनजवळील हेंडन येथें अमलांत आली. रुळावरून चारशें यार्ड ससा ओढीत नेला आणि कुत्रे त्यामागें धांवले. परंतु या सरळ धांवेंत लोकांचें मन रमलें नाहीं, आणि प्रयोग विस्मृतींत गेला. पुढें अमेरिकेंत ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थानें वर्तुळाकार मार्गावर फिरणारा यांत्रिक ससा सिद्ध केला आणि १९१९ सालीं कॅलिफोर्नियांत एमरीव्हिल येथें शर्यती सुरू केल्या. ही युक्ति इंग्लंडांत पोहोंचली आणि २४ जुलै १९२६ रोजीं मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. पहिल्या दिवशीं सुमारें सतराशें प्रेक्षक होते. थोड्याच आठवड्यांत ते हजारोंनीं येऊं लागले.

याचें कारण उघड आहे. हें मैदान शहरांतच होतें. शर्यत दिव्यांच्या उजेडांत, कामाची वेळ संपल्यावर होई. सहा कुत्रे सहा कप्प्यांच्या पेटींत उभे करावयाचे, विजेवर चालणारा ससा समोरून गेला कीं दारें उघडावयाचीं, आणि अर्ध्या मिनिटांत निकाल! पैज लावण्यास खिशांत थोडी मोड असली तरी भागे.

दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर डर्बीचा आरंभ झाला. १९०८ सालचे ऑलिंपिक सामने ज्या मैदानावर झाले, तेंच हें मैदान. ‘एन्ट्री बॅज’ हा पहिला विजेता. परंतु डर्बीला घरोघर पोहोंचविलें तें ‘मिक द मिलर’ या आयरिश कुत्र्यानें. एका खेड्यांतील धर्मगुरु, फादर ब्रॉफी, हे त्याचे मालक. १९२९ सालच्या डर्बींत त्यानें पांचशें पंचवीस यार्डांचें अंतर तीस सेकंदांच्या आंत काटलें, आणि आठशें गिनींना त्याची विक्री झाली. त्या वर्षीं व पुढच्याहि वर्षीं डर्बी त्यानेंच जिंकली. १९३१ सालीं अंतिम धांवेंत तोच पहिला आला. पण पंचांनीं ती धांव रद्द ठरविली आणि फेरधांवेंत तो मागें पडला. १९३९ सालीं तो मेला. त्याचें शरीर पेंढा भरून ट्रिंग येथील संग्रहालयांत ठेवलेलें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळांत या खेळाला सर्वांत मोठी भरती आली. त्याचा दबदबा पुढेंहि कांहीं काळ टिकला. १९६६ सालच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेंतील उरुग्वे व फ्रान्स यांचा सामना वेम्बलीला न होतां व्हाइट सिटीला झाला; कारण वेम्बलीच्या चालकांना त्या दिवसाची कुत्र्यांची शर्यत रद्द करणें मान्य नव्हतें! तोंपर्यंत ओहोटी मात्र लागलेली होती. १९६१ सालीं पैजेचीं दुकानें कायदेशीर झालीं आणि पैजेसाठीं मैदानावर जाण्याची गरज उरली नाहीं. शहरांतील जमिनीचे भाव चढले. व्हाइट सिटी १९८४ सालीं बंद झालें. डर्बी विम्बल्डनला गेली. तेंहि मैदान २०१७ सालीं बंद झालें. शहराच्या पोटांत जन्मलेली ही स्पर्धा २०२१ पासून टोस्टर या लहानशा गांवीं भरूं लागली.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. यांत्रिक सशानें खऱ्या सशाचा जीव वाचविला, हें त्याचें श्रेय निःसंशय मोठें आहे. जिवंत सशांच्या शिकारीचा वॉटर्लू चषक कायद्यानें बंद होण्यास २००५ साल उजाडावें लागलें. परंतु धांवणाऱ्या कुत्र्याचें काय? चार-पांच वर्षांचा झाला कीं त्याचा वेग मंदावतो. आयुष्य मात्र त्याच्या दुपटीहून अधिक असतें. मिक द मिलर संग्रहालयांत गेला. हरलेल्यांचा हिशेब कोणी ठेवला? २००६ सालीं उत्तर इंग्लंडांत अशा हजारों निरुपयोगी कुत्र्यांना मारून पुरल्याचें एका वृत्तपत्रानें उघडकीस आणलें आणि लोक हादरले. निवृत्त कुत्र्यांना घरें मिळवून देणाऱ्या संस्था त्यापूर्वींच काम करीत होत्या व त्यांनीं पुष्कळांना वांचविलें. तरी २०२५ सालीं वेल्सच्या सरकारनें या शर्यतींवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला.

श्रमिकाला त्याची संध्याकाळ देणारा हा खेळ सर्वस्वीं वाईट होता, असें मी म्हणणार नाहीं. पण जो ससा कधींच हातीं लागावयाचा नाहीं, त्याच्यामागें तो कुत्रा जीव तोडून धांवतो. ती फसवणूक आपण आपल्या आनंदासाठीं केलेली असते. मग धांव संपल्यावर त्याला सांभाळण्याची जबाबदारी कोणाची? खेळाची खरी परीक्षा विजेत्याच्या चषकावरून होत नाहीं. शेवटच्या क्रमांकावर आलेल्याचें पुढें काय होतें, यावरून ती होते.